उसवणबाई

बालगृहातली मुलं तिला उसवणबाई म्हणायची, आणि तीही अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट एखादं नवं पोर आलं आणि 'शिवणबाई' म्हणालं, तर तीच त्याला दुरुस्त करायची. शिवायला काय, कुणालाही येतं, उसवायला अक्कल लागते, असं ती ठसक्यात सांगायची आणि सुईत दोरा ओवायला त्याच पोराला बसवायची.

ती स्वतः याच बालगृहात वाढली होती. तिला इथे कुणी आणून सोडलं हे तिला माहीत नव्हतं, आणि त्या शोधात तिने जन्म घालवला नाही. मोठी झाल्यावर ती तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली. एका लांबलचक खोलीत शिलाई मशीनच्या रांगा आणि रांगा संपतात तिथे, खिडकीपाशी, तिचं टेबल. बाही उलटी लागली, खिसा वाकडा बसला, कॉलरला चुणी पडली, की तो कपडा तिच्या पुढ्यात येऊन पडायचा. कापडाला भोक न पाडता ती शिवण अशी मोकळी करायची की चूक करणाऱ्यालाही आपण चुकलो होतो की नाही अशी शंका यावी. कारखाना बंद पडला तेव्हा बालगृहाच्या मोठ्या बाईंनी तिला परत बोलावून घेतलं आणि शिवणाच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

कारखान्यातल्या त्या टेबलाने तिला एक खोड मात्र लावली होती. कुठेही दोऱ्याचं लोंबतं टोक दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. एकदा चर्चमध्ये उपासना चालू असताना तिला पास्टरांच्या झग्याच्या बाहीतून डोकावणारं टोक दिसलं. तिने डोळे मिटून घेतले, प्रार्थनेत मन लावायचा प्रयत्न केला, आणि मग हळूच हात पुढे केला. 'आमेन' होईपर्यंत पास्टरांची बाही कोपरापर्यंत उघडी पडली होती. ती तिने त्याच दुपारी शिवून दिली म्हणा, पण तेव्हापासून पास्टर तिच्याजवळून जाताना बाह्या सावरून जात.

आता स्वेटरांची गोष्ट. लांबच्या एका देशातल्या एका चर्चच्या मंडळीने हे बालगृह जणू दत्तकच घेतलं होतं. त्या मंडळीतलं एक उतारवयाचं जोडपं दरवर्षी पार्सल पाठवायचं, आणि पार्सलात स्वेटर असायचे. हाताने विणलेले, जाडजूड, प्रत्येक मुलाला एक. बालगृह होतं ते गाव असं की बारा महिने ऊन. थंडी म्हणजे काय हे मुलांना पुस्तकातून माहीत, तेही परीक्षेपुरतं.

पहिलं पार्सल आलं तेव्हा मोठ्या बाईंनी विचार केला, एवढ्या प्रेमाने कुणी विणलंय, आपण निदान फोटो तरी पाठवावा. भर दुपारी मुलांना स्वेटर घालून अंगणात उभं केलं. फोटोत सगळ्यांची तोंडं लालबुंद आणि डोळ्यांत पाणी. फोटो तिकडे पोहोचला आणि उत्तर आलं की लेकरांचे गाल थंडीने किती लाल झालेत, डोळ्यांतून पाणी येतंय, आमचा जीव तुटला. पुढच्या वर्षीचे स्वेटर दुप्पट जाड होते.

तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर हे सगळं रामायण टळलं असतं. पण मोठ्या बाई पडल्या भिडस्त. यंदा कसं सांगायचं, पुढच्या वर्षी सांगू, असं करता करता दहा-बारा वर्षं निघून गेली. दरवर्षी पार्सल, दरवर्षी फोटो, दरवर्षी मुलांची लाल तोंडं. फोटो झाला रे झाला की मुलं स्वेटर डोक्यातून ओढून काढायची आणि सरळ उसवणबाईच्या खोलीत नेऊन टाकायची. स्वेटर दुसऱ्या कुणाला द्यावेत, तर उभ्या गावात ते घालणारा कुणी सापडला नसता.

उसवणबाई ते उसवायची. लोकर धुऊन, वाळवून, गुंडे करून ठेवायची. विणता तिला येत नव्हतं, दोन सुया हातात घेतल्या की तिचा गोंधळ उडायचा. पण वेणी घालता येत होती आणि गाठी मारता येत होत्या. त्यातून तिने दारांचे पडदे केले, पायपुसणी केली, दप्तरांचे पट्टे केले, तान्ह्यांसाठी झोळी केली. आणि मुलं फार मागे लागली म्हणून, तीन पदरी वेण्या घालून, फुटबॉलच्या गोलाला जाळी केली. पिवळी, हिरवी, तांबडी, जांभळी अशी पट्ट्यापट्ट्यांची जाळी. आसपासच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर गोलाला जाळी नव्हती, नुसते दोन खांब. त्यामुळे बालगृहाची मुलं सामना हरली तरी ताठ मानेने परतायची.

पण एक गोष्ट उसवणबाईने कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्याचं विणकाम उसवणं म्हणजे त्याच्या हाताला हात लावण्यासारखं असतं. इतकी वर्षं त्या परक्या बाईचे टाके मोकळे करता करता ती बाई तिला माहीत झाली होती. टाके सैल आणि एकसारखे, म्हणजे बाई खुशीत, कुणाशी तरी गप्पा मारत विणतेय. मधेच एक ओळ चुकली आणि तशीच पुढे रेटली, म्हणजे बाईला हसू आवरलं नव्हतं किंवा दूध उतू गेलं होतं. उसवणबाईला स्वतःची अशी आई नव्हती, बहीण नव्हती. होती ती ही, कधीही न पाहिलेली, वर्षातून एकदा पार्सलातून भेटणारी.

आणि मग ते एक वर्ष आलं. त्या पार्सलात तळाशी एक करडा स्वेटर होता. उसवणबाईने टोक शोधलं, ओढलं, आणि दोरा हलेना. टाके इतके घट्ट की सुईचं टोकही आत शिरत नव्हतं. विणणारीने जणू दात आवळून विणलं होतं. उसवणबाई तो स्वेटर मांडीवर घेऊन बराच वेळ बसली आणि तिला रडू आलं. का, ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. तिने तो तसाच घडी घालून आपल्या पेटीत ठेवला आणि त्या वर्षभर रोज त्या अनोळखी बाईसाठी प्रार्थना केली. काय मागायचं हे माहीत नसल्यामुळे ती नुसतं 'तिला बघ' एवढंच म्हणायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी मोठ्या बाई शिवणाच्या खोलीत आल्या, त्या पांढऱ्याफटक होऊनच. ते जोडपं भेटायला येत होतं. स्वतः, दोघंही, विमानाने, येत्या आठवड्यात.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एवढ्या स्वेटरांपैकी घालण्याजोगा एकही बालगृहात शिल्लक नव्हता. आधी त्या म्हणाल्या, सगळं उसव आणि परत स्वेटर विण. उसवणबाईने त्यांना आठवण करून दिली की तिला अर्धंच काम येतं. मग ठरलं की लोकरीचं जे जे आहे ते शिवणाच्या खोलीत कोंबायचं आणि कुलूप घालायचं. पडदे उतरले, पायपुसणी गेली, झोळी गेली. दोन दिवसांत बालगृह असं उघडंबोडकं दिसायला लागलं की दूधवाल्याने विचारलं, चोरी झाली की काय.

राहिली जाळी. मोठ्या बाई म्हणाल्या, काढ. मुलांनी मैदान डोक्यावर घेतलं. उसवणबाई जाळीपुढे उभी राहिली, गाठी तिच्याच हातच्या, एका ओढीत सुटल्या असत्या. पण आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात पुढे होईनात. शेवटी तिने मध्यम मार्ग काढला. सगळ्या पलंगांच्या चादरी भिजवून गोलावर वाळत घातल्या, पुढून, मागून, बाजूंनी. जाळी दिसेनाशी झाली.

त्या दिवशी तिने मोठ्या बाईंना एकदाच विचारलं, "खरं सांगितलं तर काय होईल?"

"तिचं मन मोडेल. इतक्या वर्षांची मेहनत आहे गं तिची. आणि मग ती परत कधी विणणार नाही."

ती परत विणणार नाही, म्हणजे पार्सल येणार नाही, म्हणजे ती भेटणारही नाही. हे उसवणबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तीही निमूटपणे चादरी भिजवायला लागली.

पाहुणे आले. गाडीतून आधी एक जाडाजुडा कोट उतरला, त्याच्या आत पाहुणेबुवा होते. मागून दुसरा कोट, त्यात पाहुणीबाई. दोघांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या, गळ्यात मफलर. पाहुणीबाईंनी उन्हाकडे बघून सांगितलं, आणि मोठ्या बाईंनी भाषांतर केलं, की आपलं नशीब बघा, नेमका आजच इतका उबदार दिवस मिळाला. सगळे म्हणाले हो, नशीबच.

थंडीच्या गावात पंखे कशाला असतील, म्हणून मोठ्या बाईंनी पंखे बंद ठेवायला सांगितलं होतं. वर गरमागरम चहा. पाहुणेबुवांच्या नाकावरून घाम कपात पडत होता. पण यजमानांनी खिडक्यासुद्धा बंद ठेवल्यात म्हणजे यांना थंडी वाजत असणार, आपण कोट काढला तर बरं दिसणार नाही, या सभ्यपणापायी ते कोटाचं बटणही उघडत नव्हते. आणि पाहुणे कोट काढत नाहीत, म्हणजे त्यांना ऊब हवीय, म्हणून मोठ्या बाई पंखा लावत नव्हत्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या काळजीने वितळत होती. मोठ्या बाई बसल्या होत्या त्यांच्या बरोब्बर मागे, भिंतीवर मुलांनी ठळक अक्षरांत रंगवलं होतं, 'नेहमी खरे बोला'.

पाहुणीबाईंनी विचारलं, आमचे जुने स्वेटर कुठे आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, धुवायला. सगळे? सगळे. पाहुणीबाईंना मुलांची फार काळजी वाटली. त्यांनी लगेच मोठी बॅग उघडली आणि यंदाचे स्वेटर स्वतःच्या हाताने मुलांना घालायला घेतले. फोटो काढायचा होता ना, आणि यंदा फोटोत त्या स्वतः असणार होत्या.

अंगणात मुलं रांगेत उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. उसवणबाई मागे भिंतीपाशी उभी होती आणि फोटोकडे नाही, पाहुणीबाईंच्या हातांकडे बघत होती. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा जरासा वाकलेला. एका पोराची कॉलर नीट करताना त्या हातांना किती त्रास होतोय हे तिला लांबून दिसलं. हे हात आपल्याला ठाऊक आहेत, आणि या दुखऱ्या हातांनी ही बाई आपल्या खोटेपणासाठी विणत राहणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम लाज वाटली. तेवढ्यात रांगेतलं सगळ्यात धाकटं पोर घामाघूम होऊन मटकन खाली बसलं.

उसवणबाई पुढे झाली. पोराचा स्वेटर काढला, त्याला पाणी पाजलं, आणि उभी राहून पाहुणीबाईंना सगळं सांगायला लागली. पहिल्या फोटोपासून लाल गालांपर्यंत, उसवण्यापासून पायपुसण्यांपर्यंत, श्वास न घेता. तिचं संपल्यावर पाहुणीबाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई त्यांच्या भाषेत तीन-चार शब्द बोलल्या. पाहुणीबाई गोड हसल्या आणि उसवणबाईचा हात दाबून काहीतरी म्हणाल्या.

उसवणबाई मोठ्या बाईंकडे वळली. "मी एवढं बोलले, आणि तुम्ही एवढंच सांगितलंत?"

मोठ्या बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी सांगितलं, तू म्हणतेस स्वेटर फार छान आहेत."

मग मात्र उसवणबाईने बोलणं सोडलं. तिने पाहुणीबाईंचा हात धरला आणि त्यांना सरळ मैदानावर घेऊन गेली. मागे मुलं, मुलांमागे कोटासकट पाहुणेबुवा, आणि सगळ्यांच्या मागे मोठ्या बाई, मनातल्या मनात प्रभूचा धावा करत. गोलापाशी येऊन उसवणबाईने एक चादर ओढली. मग दुसरी. मग सगळ्या.

जाळी वाऱ्यावर हलली. पिवळी, हिरवी, तांबडी, जांभळी. पाहुणीबाई जवळ गेल्या, पिवळ्या पट्ट्याला हात लावला. आपण निवडलेला रंग माणूस विसरत नाही. आता हिने एकदा रागाने बघितलं की संपलं, एवढंच उसवणबाईच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात पाहुणेबुवांनी कोट काढून जमिनीवर टाकला. मग मफलर. मग टोपी. एका मुलाच्या पायातला चेंडू आपल्याकडे घेतला, चार पावलं मागे सरकले, धावत आले आणि लाथ हाणली. चेंडू खांबावरून उडून स्वयंपाकघराच्या छपरावर गेला. मुलांनी दुसरा चेंडू आणून दिला. तो मात्र सरळ जाळीत, आणि जाळी अशी फुगली की बघत राहावं. मुलांनी जो कल्ला केला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल. पाहुणेबुवा दोन्ही हात वर करून मैदानभर धावले आणि धावता धावता ओरडून काही सांगत सुटले. मोठ्या बाईंनी या वेळी जसंच्या तसं भाषांतर केलं, कारण त्यांचं लपवण्याचं बळच संपलं होतं. ते म्हणत होते, मी वर्षानुवर्षं घरात सांगतोय की नकाशात बघ, तिकडे थंडी नसणार, तर ही मला म्हणते की तू गप्प बस, फोटो बघ.

पाहुणीबाई आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून मोठ्या बाई पुढे धावल्या, तर त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी कोट काढला आणि जमिनीवरच बसकण मारली. मग मोठ्या बाईंनाही हसू फुटलं. नवे स्वेटर हवेत उडायला लागले.

हसणं ओसरल्यावर पाहुणीबाई पुन्हा उठून जाळीपाशी गेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टे बघत गेल्या. काहीतरी शोधत होत्या. मग वळून हळू आवाजात त्यांनी विचारलं, आणि मोठ्या बाईंनी सांगितलं, "त्या म्हणतायत, यात करडा रंग कुठे आहे?"

उसवणबाई खोलीकडे पळाली. कुलूप काढून दार उघडताच कोंबलेली पायपुसणी तिच्या अंगावर कोसळली, त्यातून वाट काढत ती पेटीपर्यंत पोहोचली. परत आली ती तो करडा स्वेटर घेऊन, घडीसुद्धा न मोडलेला.

"हा नाही उसवला मी. टाके फार घट्ट होते. तुम्हाला त्या वेळी काहीतरी मोठं दुःख होतं. काय ते मला माहीत नाही, पण होतं. मी वर्षभर तुमच्यासाठी प्रार्थना केली."

मोठ्या बाईंनी प्रत्येक शब्द सांगितला. पाहुणीबाईंनी स्वेटरची घडी उलगडली. मग म्हणाल्या की हा त्यांनी हॉस्पिटलच्या एका बाकावर विणला. आत नवऱ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू होती आणि नंतर कितीतरी दिवस तो वाचेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं. मंडळीत कुणी विचारलं तर दोघं सांगायची, सगळं ठीक आहे. लोकांना कशाला त्रास द्यायचा. कुणालाच कळलं नाही.

"मला कळलं," उसवणबाई म्हणाली.

एवढ्याचं भाषांतर कुणी केलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. पाहुणीबाईंनी तिला जवळ ओढून मिठीत घेतलं. उसवणबाई रडली, अगदी मोठ्याने, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी शिवणाच्या खोलीत पंखा भरधाव सोडला होता. करडा स्वेटर दोघींच्या मधे होता. पाहुणीबाईंनी स्वतः टोक शोधून दिलं, आपली गाठ कुठे मारली होती ते त्यांनाच माहीत. उसवणबाई सुईने एकेक टाका ढिला करत गेली आणि दोरा सुटायला लागला. लडी धरायला कुणीतरी हवं होतं. पाहुणेबुवा समोर स्टुलावर बसले, दोन्ही हात पुढे करून, आणि करडी लोकर त्यांच्या हातांभोवती फिरत राहिली. मधेच त्यांनी मुलांना चेंडू छपरावरून काढून आणायला सांगितलं आणि हात हलवल्याबद्दल बायकोचं बोलणं खाल्लं. त्या लोकरीची वेणी दुसऱ्या दिवशी जाळीच्या फाटक्या कोपऱ्यात लागली.

आता पार्सलात लोकरीचे नुसते गुंडे येतात, आणि फोटोत मुलं उघड्या डोक्याने, अर्ध्या चड्डीत उभी असतात. दर पार्सलात तळाशी एक छोटासा विणलेला चौकोन मात्र असतो, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला. पार्सल फुटलं की मुलं खोलीच्या दारात गर्दी करतात, कारण पाहुणीबाई कशा आहेत हे त्यांनाही ऐकायचं असतं. उसवणबाई चौकोनाचं टोक शोधते, बोटाला गुंडाळते आणि सावकाश ओढते. यंदा पहिली ओळ सरसर सुटली. दुसऱ्या ओळीत एक टाका चुकला होता आणि तसाच पुढे रेटला होता.

"बरी आहे," उसवणबाई म्हणाली. "हसत होती."